मुल्कीचे सर्फिंग आणि एक न दिलेले लोकेशन

कोकण रेल्वेने दक्षिणेकडे जाताना उडुपी मागे पडले की मुल्की हे छोटे स्थानक लागते. मुंबईकरांना मत्स्यगंधा एक्स्प्रेस सोयीची आहे. विमानाने मंगळूरला उतरणाऱ्यांना पुढे गाडीने साधारण तासाभराचा रस्ता पडतो. शांभवी नदीकाठच्या या गावात २००४ साली मंत्र सर्फ क्लब सुरू झाला आणि भारतातील सर्फिंगचा उल्लेख निघाला की मुल्कीचे नाव येऊ लागले. क्लबचा कारभार आश्रमाच्या शिस्तीचा असल्याने तेथे मुक्काम करणाऱ्यांनी मद्य आणि मांसाहाराची अपेक्षा ठेवू नये. जवळच, शांभवी आणि नंदिनी जेथे समुद्राला मिळतात त्या ससिहित्लूच्या किनाऱ्यावर २०१६ साली इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा भरली होती. ही दोन्ही नावे जगजाहीर आहेत, म्हणून ती लिहिण्यात मला काही गैर वाटत नाही. पुढे येणाऱ्या एका जागेचा पत्ता मात्र मी मुद्दाम देणार नाही.

नवशिक्यांसाठी ऑक्टोबर ते मे हा काळ योग्य. पावसाळ्यातला समुद्र मुरलेल्यांनीच पाहावा. सकाळी लवकर पाण्यात उतरावे, कारण जमिनीवरून येणारा मतलई वारा लाटेचा दर्शनी भाग ताठ आणि गुळगुळीत ठेवतो. उन्हे चढली की खारा वारा सुटतो आणि तोच समुद्र विस्कटून जातो. भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवावी. उधाणाच्या दिवसांत नदीच्या मुखाशी ओहोटीची ओढ इतकी जबर असते की चांगला पोहणाराही तिच्यापुढे हतबल होतो.

पाण्यातील शिष्टाचार मात्र किनाऱ्यावरच शिकून घ्यावेत. लाट जेथे प्रथम फुटते त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असतो, लाट त्याची. त्याच्यापुढे मध्येच उभे राहणे म्हणजे ‘ड्रॉप-इन’, आणि त्याइतका राग पाण्यात दुसऱ्या कशाचाही येत नाही. बाहेर जाताना लाट फुटते त्या जागेला वळसा घालून पॅडल करावे, म्हणजे बोर्डवर पालथे पडून हातांनी पाणी मारत जावे. कोणी लाटेवर स्वार होऊन अंगावर येत असेल, तर त्याच्या पुढून निसटण्याऐवजी त्याच्या मागच्या फेसात शिरावे, मग तोंडात खारे पाणी गेले तरी चालेल. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, पायाला आहे म्हणून बोर्ड सोडून बुडी मारणे हा नवशिक्यांचा आवडता प्रकार, पण बोर्ड आणि लीश यांची लांबी मिळून मागे पाच-सहा मीटरपर्यंत कोणाचेही डोके फुटू शकते. एवढे पाळणाऱ्या पाहुण्याला स्थानिक मुले आपणहून लाट सोडतात, हे मी अनुभवाने सांगतो.

समुद्रावर पहिला हक्क मात्र मासेमारांचा. एका सकाळी किनाऱ्यावर रांपण, म्हणजे काठावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, ओढायला सुरुवात झाली, तसा प्रशिक्षकाने हात वर केला आणि सगळे बोर्ड निमूटपणे बाहेर आले. त्यांतली दोन मुले ओल्या अंगानेच दोराला जाऊन भिडली. होड्यांच्या वाटेत तरंगत बसणे तर कटाक्षाने टाळावे, कारण मुखातून वेगाने बाहेर पडणाऱ्या होडीला वळायला जागा नसते.

याच मुलांनी मला मुल्कीपासून बरेच दूर, दुसऱ्या एका नदीच्या मुखाशी नेले. तेथे पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर डावीकडे लांबवर धावणारी सुरेख लाट फुटते. ‘फोटो काढा, पण लोकेशन टाकू नका, अण्णा,’ एवढीच त्यांची विनंती होती आणि ती मला पटली. मुळात अशी लाट वाळूवर अवलंबून असते आणि पावसाळ्यातल्या पुरानंतर दांडा सरकतो. नकाशावरची खूण तिथेच राहते, लाट राहत नाही. तरी माणसे येत राहतात, आणि त्यांच्या पायाखाली उरते ती केवळ ओढ. तेथे ना जीवरक्षक आहे ना गाडी उभी करायला जागा, आणि लाटेच्या टोकाशी चार बोर्ड झाले की गर्दी होते. नामिबियातील स्केलेटन बे ही लाट उपग्रहाच्या छायाचित्रांतून हुडकली गेली आणि २००८ साली जगासमोर आली. तेव्हापासून मोठ्या लाटांचा अंदाज आला की दुसऱ्या खंडांतून लोक तेथे धडकतात. आपले मुख तेवढे अद्भुत नाही, पण मुंबई-पुण्याहून रात्रीत गाठता येते.

गुप्ततेच्या नावाखाली दमदाटी करणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. कॅलिफोर्नियातील लुनाडा बे येथे बाहेरच्यांना हुसकावणाऱ्या टोळक्याविरुद्ध २०१६ साली प्रकरण न्यायालयात गेले, ते योग्यच झाले. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही. पण स्वतः शोधत आलेल्याला सामावून घेणे वेगळे आणि हजारो अनोळखी लोकांना पत्ता वाटणे वेगळे.

म्हणून छायाचित्रे टाकायचीच असतील, तर परतल्यावर काही दिवसांनी टाकावीत, लोकेशन बंद ठेवावे आणि चौकटीत दीपगृह, देऊळ किंवा पूल येत नाही हे पाहावे. जाणकाराला तेवढी एक खूण पुरते. जिल्ह्याचे नाव, ऋतू, वाऱ्याची दिशा आणि धोके मात्र जरूर लिहावेत. नवीन जागा पाहायचीच असेल, तर मुल्कीत मुक्काम करून तिथल्या प्रशिक्षकांना विचारावे आणि त्यांच्याबरोबरच, दोघा-तिघांच्याच गटाने जावे. कर्नाटकात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. या दिवसांत होड्यांची वर्दळ कमी दिसली, तरी समुद्र मोकळा झाला असे समजून पाण्यात उतरू नये.