आमची वाटचाल : बाहुल्यांच्या धंद्यात पैसा नेमका कुठे असतो

जळगावात आम्ही बोलक्या बाहुल्या करतो. कळसूत्री नाहीत, खेळण्यातल्याही नाहीत. हात आत घालून तोंड हलवायच्या, फोमच्या आणि फ्लीस नावाच्या लवदार कापडाच्या. गिऱ्हाईक म्हणजे शाळा, जनजागृतीची कामं घेणाऱ्या संस्था, गणपतीत देखावे करणारी मंडळं आणि अलीकडे सगळ्यांत जास्त म्हणजे अहिराणी व्हिडिओ काढणारी पोरं. धंद्याची चौकशी करणारा हमखास विचारतो, "भाऊ, एका बाहुलीमागे सुटतात किती?" सुटतात थोडेच. नुसती बाहुली विकून घर चालत नाही. पैसा कुठे असतो ते बघायचं तर बाहुलीकार आणि सिनेदिग्दर्शक फ्रँक ऑझ यांची कारकीर्द मांडून बसावं. आमचं दरपत्रक शेवटी त्याच हिशोबावर येऊन बसलं.

ऑझ यांचा जन्म 25 मे 1944 चा, इंग्लंडमधल्या हेरफर्डचा. आईवडील दोघंही बाहुल्या खेळवणारे. कुटुंब पुढे अमेरिकेत गेलं आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला राहिलं. 'मपेट्स' या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांची गाठ 1961 मध्ये बाहुलीकारांच्या मेळाव्यात पडली आणि 1963 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ते हेन्सन यांच्याकडे न्यूयॉर्कला कामाला लागले. सुरुवातीचं काम काय, तर रोल्फ नावाच्या कुत्र्याचा उजवा हात. डोकं हेन्सन यांच्या हातात, उजवा पंजा यांच्या. 1969 मध्ये मुलांसाठीचं 'सेसमी स्ट्रीट' टीव्हीवर सुरू झालं, तिथे बर्ट, ग्रोव्हर आणि कुकी मॉन्स्टर यांचे. 1976 ते 1981 'द मपेट शो'चे 120 भाग. त्यात मिस पिगी, फॉझी बेअर, अॅनिमल. 1980 मध्ये 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मधला योडा.

आता मालकी बघा. मिस पिगीची बाहुली घडवली बॉनी एरिक्सन यांनी, तिला आवाज आणि नखरा दिला ऑझ यांनी, आणि पात्र हेन्सन यांच्या कंपनीचं. 2000 साली ही कंपनी एका जर्मन माध्यमसमूहानं 68 कोटी डॉलरला घेतली. 2003 मध्ये हेन्सन कुटुंबानं ती त्याहून कितीतरी कमी पैशांत परत घेतली, आणि 2004 मध्ये मपेट्स डिस्नीकडे गेले. योडाचंही तसंच. 2012 मध्ये डिस्नीनं 'स्टार वॉर्स'ची कंपनी लुकासफिल्म घेतली सुमारे 405 कोटी डॉलरला, आणि कंपनी सगळी जॉर्ज लुकास यांच्या एकट्याच्या नावावर होती. योडाच्या मानेचा प्रत्येक झटका ज्याच्या मनगटातून आला, त्याचा या सौद्यात भाग नाही. त्याला मेहनताना.

म्हणून ऑझ यांच्या मिळकतीची दुसरी वाट जास्त महत्त्वाची : दिग्दर्शन. 1982 चा 'द डार्क क्रिस्टल' हेन्सन यांच्या जोडीनं, 1984 चा 'द मपेट्स टेक मॅनहॅटन' एकट्यानं, 1986 चा 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स'. तिथून पुढे बाहुलीला रजा. 1988 मध्ये 'डर्टी रॉटन स्काउंड्रल्स', 1991 मध्ये 'व्हॉट अबाउट बॉब?', 1999 मध्ये 'बोफिंगर', 2001 मध्ये मार्लन ब्रँडो आणि रॉबर्ट डी नीरो यांना घेऊन 'द स्कोअर'. इंटरनेटवर त्यांच्या संपत्तीचे आकडे फिरतात. ते कुठल्या वहीतून आले हे कुणी लिहीत नाही, म्हणून इथे घेत नाही. वाट मात्र स्पष्ट दिसते : हात आणि आवाज यांचा मेहनताना, मग दिग्दर्शकाचं मानधन. पात्रांच्या मालकीचा मोठा पैसा दुसऱ्यांकडे. आपल्याकडे अर्धवटराव घ्या. यशवंत पाध्ये यांनी ते पात्र उभं केलं, रामदास पाध्ये यांनी पुढे नेलं. बाहुलीही घरची, आवाजही घरचा. लहान धंद्याला ही दुसरी रीत जास्त परवडते, असं आमचं मत.

आम्ही सुरुवात कापडी हातबाहुल्यांनी केली, शाळांसाठी. त्यात पहिली अडचण कायद्याची. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट मिळते, पण मुलांच्या हातात खेळायला द्यायची वस्तू आणि मोठ्यानं प्रयोगात वापरायची वस्तू यांतला फरक बिलावर स्वच्छ दिसायला हवा. आम्ही खेळणी करतच नाही. बिलावर 'प्रयोगाची बाहुली' असं लिहितो आणि शिक्षकांनाही सांगतो की ती मुलांच्या खेळाच्या पेटीत टाकायची नाही.

बाहुलीत सगळ्यात आधी तोंड तयार होतं, डोकं नंतर. मोठ्या माणसाच्या हातासाठी 11 सें.मी. रुंद आणि 18 सें.मी. लांब असा लंबगोल कापायचा, मधोमध दुमडला की वरचा-खालचा जबडा 9-9 सें.मी.चा. आत बाइंडिंगचा 2 मि.मी. पुठ्ठा, बाहेरून 3 मि.मी. ईव्हीए शीट, चपलेच्या सोलला लागतं ते. दोन्ही पुठ्ठ्यांमध्ये 4 मि.मी. जागा सोडून वरून कॅनव्हासची पट्टी. या फटीत सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा द्राव, गेलं की बिजागरी कडक होते आणि थोड्याच वापरात कॅनव्हास तिथेच चिरतो. बाहुली "नीट बोलत नाही" अशी तक्रार आली की आम्ही आधी हीच जागा दाबून बघतो. वरच्या जबड्याला चार बोटांसाठी आणि खालच्याला अंगठ्यासाठी 2.5 सें.मी. रुंदीचं इलॅस्टिक शिवायचं. नुसतं चिकटवलेलं घामानं सुटतं.

डोक्याला 12 मि.मी. जाडीचा गादीचा फोम, डेन्सिटी 28 ते 32. 40 चा घेतला तर दहा मिनिटांत खेळवणाऱ्याचा खांदा भरतो. 18-20 चा घेतला तर बोट लागलं तिथे खड्डा राहतो. 54 सें.मी. लांब आणि 21 सें.मी. उंच पट्टी घ्यायची, वरच्या 13 सें.मी.त सहा पाकळ्या कापायच्या, प्रत्येकीचा पाया 9 सें.मी. नवशिका पाकळी सरळ रेषेत कापतो आणि डोक्याऐवजी विदूषकाची टोपी तयार होते. पाकळीच्या कडेला मध्यावर दोन्ही बाजूंनी साधारण 9 मि.मी. फुगवटा ठेवला तर सांधे जुळल्यावर अर्धगोल येतो. कापायला कात्री नको. कात्रीत फोम दबतो आणि कड तिरकी येते. कटरची नवी पाती, हात सरळ उभा.

सोल्युशन दोन्ही कडांना पातळ लावायचं आणि बोटाला चिकटेनासं झालं की मगच कडा जुळवायच्या. थंडीत सात-आठ मिनिटं लागतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 44 च्या पुढे जातो, तेव्हा दोन-तीन मिनिटांत कड कोरडी पडते. म्हणून उन्हाळ्यात एका वेळी एकाच पाकळीला लावतो आणि छताचा पंखा बंद ठेवतो. पावसाळ्याची तऱ्हा उलटी : उडून जाणारा द्राव कडेला गारवा आणतो, हवेतली ओल तिथे बसते, सांधा चिकटल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सोलून निघतो. खिडक्या उघड्या, बिडी-काडी पेटवायची नाही, हा नियम बाराही महिने.

फ्लीस आम्ही सुरतहून आणतो, ताप्ती लाइननं एका दिवसात होतं. 150 सें.मी. पन्ह्याचं अर्धा मीटर एका बाहुलीला पुरतं. कापड ज्या बाजूला ताणतं ती बाजू डोक्याभोवती आडवी जायला हवी. उभी गेली तर गालावर सुरकुत्या. रंग तयारच बघून घ्यावा, कारण बाजारातला साधा कापडाचा रंग पॉलिस्टर फ्लीसवर चढत नाही, धुतल्यावर बादलीत उतरतो. शिवण नायलॉनच्या दोऱ्यानं, दोन्ही कडांच्या आतून आलटून पालटून, 3 मि.मी. अंतरानं, ओढली की दोरा लवेत बुडतो. मग टूथब्रशनं लव वर काढायची. या टाक्याला जगभरचे बाहुलीकार हेन्सन टाकाच म्हणतात. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि चांगल्या-वाईट बाहुलीतला फरकही इथेच दिसतो.

डोळ्यांना टेबल टेनिसचा 40 मि.मी. चेंडू मधोमध कापून. हेन्सन यांनी 1955 मध्ये पहिला कर्मिट आईच्या जुन्या हिरव्या कोटातून केला, त्यालाही डोळे पिंगपाँग चेंडूचेच. बुबुळं समोर सरळ लावू नयेत. दोन्ही किंचित नाकाकडे हवीत, म्हणजे नजर समोरच्यावर ठरते. सरळ लावलेली बाहुली कॅमेऱ्यात शून्यात बघते. डोळे आणि नाक यांचा त्रिकोण जवळजवळ ठेवावा, हे हेन्सन यांच्या कारखान्यातले डॉन साहलिन यांचं तंत्र. केसांसाठी केळीच्या खांबाचा धागा लोक सुचवतात, जिल्हा केळीचा आहे म्हणून. दिसतो छान, पण कोरड्या हवेत तुटतो आणि काळ्या कपड्यावर भुसा पडतो. लोकर बरी.

हातांचे दोन प्रकार. एकात बाहुलीच्या हाताला तार : 3 मि.मी. स्टीलची, 45 सें.मी. लांब, काळा मॅट रंग दिलेली; चकचकीत ठेवली तर उजेडात चमकते. दुसऱ्यात माणसाचा हात बाहुलीच्या बाहीत. 'मपेट शो'तल्या स्वीडिश शेफचे हात म्हणजे ऑझ यांचे उघडे हात, डोकं हेन्सन यांचं. दोघं एकमेकांना चिकटून उभे. व्हिडिओला हा प्रकार फार खुलतो, भाकरी थापतानाही दाखवता येते, पण माणसं दोन लागतात आणि खर्चही दोघांचा.

तोंड हलवताना अंगठा खाली जायला हवा, चार बोटं वर उडायला नकोत. शब्दाच्या प्रत्येक उच्चारखंडाला तोंड एकदा उघडायचं. भरभर बोलताना ठळक तेवढेच घ्यायचे. "काय करी ऱ्हायना?" यात काय, री, ऱ्हाय, ना एवढं पुरे. प, ब, म आले की तोंड मिटलेलंच हवं, प्रेक्षकाची नजर तिथे पटकन अडते. समोर मॉनिटर ठेवावा आणि चित्र आरशासारखं उलटं नसावं, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा हाच घोळ घालतो.

मोठं डोकं वेगानं बोलू शकत नाही. 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स'मधलं माणसं खाणारं झाड म्हणजे भलीमोठी बाहुलीच. ऑझ यांनी त्याची दृश्यं सेकंदाला 24 ऐवजी 16 किंवा 12 फ्रेमनं घेतली, आणि समोरच्या नटाला, रिक मोरॅनिस यांना, तेवढंच संथ हलायला-बोलायला लावलं. मोबाईलवर हे जमतं : संवाद आधी रेकॉर्ड करायचा, तो दोन-तृतीयांश वेगानं वाजवत चित्रण करायचं, संपादनात चित्र दीडपट करायचं आणि मूळ आवाज लावायचा. मंडळांच्या चार फुटी राक्षसाला दुसरा उपाय नाही.

या सगळ्याला साहित्य 900 ते 1,200 रुपयांचं आणि हात तीन-चार दिवसांचे. आम्ही 6,000 ते 9,000 रुपयांना देतो. दुसऱ्याची ओळखीची पात्रं, कुकी मॉन्स्टर किंवा योडा, कितीही पैसे दिले तरी करत नाही. त्यांचे मालक आहेत. नवं पात्र काढलं की मात्र कागद होतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं अशा कलाकृतीचा पहिला मालक ती घडवणारा; नोकरीत केलेलं काम वेगळं. ऑर्डर देऊन पैसे भरले म्हणजे हक्क आपोआप जात नाही, त्याला सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. म्हणून दरपत्रकात दोन रकाने आहेत : नुसती बाहुली, आणि बाहुली अधिक पात्राचा हक्क. दुसरा आकडा पहिल्याच्या तिप्पट-चौपट. चॅनलवाले आधी कुरकुरतात, मग पात्र चाललं की तेच येऊन विकत घेतात. त्याच पात्राची छापील वस्तू काढायची असेल तर डिझाइन नोंदणी आधी करावी, कारण नोंदणीजोगं डिझाइन न नोंदवता कारखान्याच्या पद्धतीनं पन्नासाहून जास्त प्रती काढल्या की त्यावरचा कॉपीराइट संपतो.

भाड्याच्या बाहुल्या हा तिसरा धंदा, आणि दर महिन्याला येणारा पैसा तोच. देताना काळ्या सुती पिशवीत देतो, प्लास्टिकमध्ये कधीच नाही. ओल कोंडली आणि ऊन लागलं की फोम पिवळा पडून भुगा होतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नये. बंद गाडी 60 अंशांच्या वर जाते आणि सोल्युशनचे सांधे सरकतात. म्हणून भाड्याच्या प्रत्येक बाहुलीचा तोंडाचा सांधा वरून शिवलेला असतो. परत आली की बिजागरी, इलॅस्टिक आणि आतलं सुती अस्तर बघतो. अस्तर सुटं आहे, ते धुवायचं. डोकं पाण्यात घालायचं नाही. ओली आली तर सावलीत, पंख्याखाली, तोंड उघडं ठेवून दोन दिवस, आणि ते दोन दिवस भाड्यात धरले जातात.