डबा फेकू नका

पोळा झाला की आमची धावपळ सुरू. पऱ्हाटी (कपाशी) खांद्याला लागलीय, पाऊस उघडला की शिवारात दिवसभर फवारणीच्या पंपांचा आवाज. आज आशाताईंबरोबर (गावच्या आशा स्वयंसेविका) पलीकडच्या वस्तीवर जाऊन आले. लोकांना वाटतं आम्ही मास्क घाला, हातमोजे घाला असं सांगत हिंडतो. सांगतोही. पण भाद्रपदातल्या उन्हात अंगभर प्लास्टिक चढवून, पाठीवर भरलेला पंप घेऊन चिखलात चालायचं, हा सल्ला देणाऱ्याने आधी एक पंप मारून दाखवावा.

आमचं खरं काम कागदांचं, फवारणीत विषबाधा झालेल्यांच्या नोंदी जमवायचं. आज ज्याला भेटलो तो मजूर कालच दवाखान्यातून घरी आलाय. डोळे अजून लाल, चहाची बशी धरताना हात थरथरत होता. केसपेपरवर काय, तर ‘अज्ञात विषबाधा’. कोणतं औषध होतं विचारलं तर म्हणाला, “मले काय माहीत ताई? मालकानं बादलीत कालवून देलं, म्या पंपात ओतलं.” त्यात दवाखान्यात पहिला प्रश्न असा, की पिलास का? त्याची बायको त्यावरूनच अजून धुसफुसतेय. बरोबरच आहे तिचं.

मग आम्ही शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) गेलो. गवतात औषधाचे दोन डबे सापडले. एकाचं लेबल निम्मं गेलेलं, पण लाल त्रिकोण शाबूत होता आणि बॅच नंबर वाचता येत होता. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल वर्ग. खालोखाल पिवळा, निळा, हिरवा. दोन्ही डब्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. दोन औषधं एकत्र कालवली असतील तर डॉक्टरांनाही दोन्ही नावं कळायला हवीत. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांना अ‍ॅट्रोपिनचा उतारा असतो. काही औषधांवर उताराच नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात.

२०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं फवारणीने गेली, शेकडो भरती झाली. मग चौकशी समिती, मग पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी. साठ दिवस! तोवर हंगामच सरला होता. पण तेव्हा पोलिसांच्या कागदांत औषधांची नावं नोंदली गेली होती. एका औषधाचं नाव ९६ प्रकरणांत निघालं आणि त्या जोरावर २०२० मध्ये इथल्या ५१ कुटुंबांची तक्रार थेट स्वित्झर्लंडपर्यंत, त्या औषधाच्या कंपनीच्या देशात गेली. घोषणा आम्हीही पुष्कळ दिल्या, पण तिथवर पोचल्या त्या नोंदी.

म्हणून आता वस्तीवर एकच सांगतो: त्रास झाला तर माणसाबरोबर डबाही दवाखान्यात न्या. पिशवीत बांधून, लहान पोरांपासून लांब.

आजच्या मजुराच्या केसमध्ये अडचण बिलाची आहे, कोणतं औषध आणलं ते त्यावरूनच कळणार. औषध मालकाने आणलेलं, बिल त्याच्या नावावर, आणि मजुराच्या नावावर सातबारा नाही. मी म्हटलं, बिलासाठी सरळ लेखी अर्ज करू. आशाताईंनी मला तिथेच गप्प केलं. उद्या त्याला त्याच शेतात कापूस वेचायचाय, अर्ज करून तू निघून जाशील, म्हणाल्या. (त्यांचं स्वतःचं मानधन थकलंय, पण तो विषय त्या काढत नाहीत.)

तर ठरलं असं की आधी मालकाच्या बायकोला भेटायचं. ती बचत गटाची अध्यक्ष आहे, आणि घरातली बिलं तीच सांभाळते. सोमवारी गटाची बैठक आहे. बिलाची झेरॉक्स तिच्याकडूनच मागायची.