रतिबाच्या चौकटीतले जेवण

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या चौकटींत गेली कित्येक वर्षे सासूबाई दुधाचा रतीब मांडत आल्या आहेत. रोजचे दोन लिटर, गवळी आला नाही तर फुली, पाहुणे असतील त्या दिवशी तीन. मागच्या वर्षीपासून त्याच चौकटींत, त्याच पेन्सिलीने, ‘मूगडाळ १ चमचा’, ‘शी बरी’, ‘टोमॅटो, तोंडाभोवती लाल’ अशा नोंदी दिसू लागल्या आणि लिटरचे आकडे आक्रसत गेले. आमचे घर कोल्हापुरातल्या गंगावेशीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा फेसाळ पेला हातात घेऊन माणसे उभी असतात. अशा गावात घरातली बाळंतीण दुधाला शिवत नाही आणि बाळालाही ते देत नाही, ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत बसणे बाळाला भरवण्याहून दमवणारे असते.

लेक दहा आठवड्यांची असताना एका सकाळी लंगोट बदलताना पिवळ्या शीत लाल दोऱ्यासारखी बारीक ओळ दिसली आणि तिच्या कडेने शेंबडासारखा बुळबुळीत भाग. बाळ हसत होते, अंगावर नेहमीसारखे पीत होते, ताप नव्हता. मी तो लंगोट घडी करून पिशवीत घातला आणि तसाच डॉक्टरांकडे नेला. आईने घेतलेल्या दुधातली प्रथिने अगदी थोड्या प्रमाणात तिच्या अंगावरच्या दुधात उतरतात आणि काही बाळांच्या मोठ्या आतड्याचे अस्तर त्यांनी सुजते, असे त्यांनी सांगितले. याला लॅक्टोज न पचणे म्हणत नाहीत, हेही त्यांनी कागदावर लिहून दिले. लॅक्टोज ही दुधातली साखर आईच्या दुधात असतेच आणि आईने काहीही खाल्ले तरी तिचे प्रमाण बदलत नाही. रक्ताच्या किंवा त्वचेच्या ॲलर्जी चाचणीत हा प्रकार सहसा सापडत नसल्यामुळे दूध वगळून पाहणे आणि नंतर मुद्दाम पुन्हा घेऊन पाहणे, हीच त्याची परीक्षा. मी दूध, दही, ताक, लोणी आणि तूपसुद्धा बंद केले. बाराव्या दिवसापासून शी स्वच्छ झाली. महिन्याने डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळ-संध्याकाळ एकेक कप दूध घेतले, तर तिसऱ्या दिवशी तीच लाल ओळ परत आली. शंकेला जागा उरली नाही.

घरात यावर दोन उपाय सुचवले गेले. पहिला, शेळीचे दूध हलके असते म्हणून ते घे. परंतु गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिने एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असतात की एकीचे बाधते त्या बाळाला दुसरीचेही बहुधा बाधते. दुसरा उपाय अधिक जिव्हारी लागणारा होता. “तुझंच दूध बाधतंय म्हनल्यावर अंगावरनं तोड की तिला,” असे चुलत सासूबाई सरळ म्हणाल्या. त्यांना वाईट म्हणायचे नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर रक्त होते. पण बाधत होते ते माझ्या ताटातले दूध, माझे नव्हे. सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ अंगावर पाजणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशा बाळांनाही लागू पडते. आईने पथ्य पाळले की बहुतेकांचे तेवढ्यावर भागते.

पथ्य म्हणजे काय, हे बेकरीत उभे राहिल्यावर समजते. पावात दुधाची पावडर, बिस्किटात व्हे म्हणजे दुधाच्या निवळीची पावडर, प्रसादाचा पेढा, कोशिंबिरीतले दही, आमटीला दिलेली तुपाची फोडणी. सासूबाईंनी इतका धसका घेतला की एका रविवारी त्यांनी मला पांढरा रस्साही वाढला नाही. “त्यात दूध असतंय,” त्या म्हणाल्या. “आत्या, ते नारळाचं हो,” असे मी म्हणाले आणि मग सगळे पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले. स्तनदा मातेला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, ते दुधाशिवाय भरून काढायचे म्हणून गोळी सुरू केली आणि नाचणीची भाकरी व तीळ रोजचे झाले. शंभर ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तरी केवळ भाकरीवर हा हिशेब जुळत नाही, हे मी वहीत मांडून पाहिले आहे.

सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागल्यावर उष्टावण केले. माझ्या भावाने चांदीच्या वाटीतून जी खीर चाटवली, ती तांदूळ आणि नारळाच्या दुधाची होती. गोडीला कुस्करलेले केळे. वर्षाच्या आत साखर-गूळ नको आणि मध तर मुळीच नको, कारण त्यातून होणारी बॉट्युलिझमची विषबाधा तान्ह्या बाळाला जिवावर बेतू शकते. गुळाच्या गावात गुळाविना उष्टावण म्हणून माझ्या आईला ते थोडे लागलेच.

इथून पुढे चूक माझी आहे. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही सकाळी, आणि मध्ये तीन दिवस, असा नियम मला दिला होता. मी तो पाळला, पण भीतीचे मोजमाप पाळले नाही. टोमॅटोने तोंडाभोवती लाली आली, टोमॅटो बंद. गव्हाच्या खिरीनंतर एक रात्र रडली, गहू बंद. तूरडाळीनंतर शी हिरवट झाली, तूरडाळ बंद. अंडे आणि दाण्याचे कूट तर मी दिलेच नव्हते. दूध बाधले तेव्हा हेही बाधणारच, असे मी धरून चालले होते. आठव्या महिन्याच्या शेवटी बाळाच्या ताटात भात, मूग, नाचणी, रताळे आणि केळे एवढेच उरले होते. सातव्या महिन्यात ७.१ किलो असलेले वजन दीड महिन्यानंतरही ७.१ किलोच भरले. काट्यावरचा तो आकडा पाहताना मला कोणी रागावले असते तर बरे वाटले असते.

डॉक्टरांनी कालनिर्णयाची पाने मागितली आणि एकेक नोंद खोडत नेली. आंबट रस नाजूक कातडीला लागला की ती लाल होते. टोमॅटो देण्याआधी ओठांभोवती खोबरेल लावा आणि पाहा. एक रडकी रात्र आणि एक हिरवट शी हा पुरावा होत नाही. अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे, खाल्ल्यावर लगेच किंवा एक ते चार तासांत पुन्हा पुन्हा उलट्या होणे, शीत रक्त येणे, ही खरी लक्षणे. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा बाळ मलूल पडले तर घरी थांबायचेच नाही, सरळ दवाखाना गाठायचा. दाण्यांबद्दल त्यांनी जे सांगितले ते मला नवीन होते. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका असा सल्ला दिला होता आणि २००८ साली तो मागे घेतला. पुढे लंडनमध्ये ४ ते ११ महिन्यांची, जास्त धोका असलेली ६४० बाळे घेऊन अभ्यास झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लवकर आणि नियमित दाणे खाल्लेल्या मुलांत पाचव्या वर्षी दाण्यांची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे ज्याला मी काळजी समजत होते, त्यातूनच धोका वाढण्याची शक्यता होती. ज्या घरात दाण्याच्या कुटाशिवाय एक भाजी होत नाही, त्या घरात मी ते कूट बाळापासून लपवत होते!

त्या आठवड्यापासून एकेक पदार्थ परत आला. भाजलेल्या दाण्यांचे अगदी वस्त्रगाळ कूट पाव चमचा, पेजेत कालवून. अख्खा दाणा घशात अडकतो, म्हणून तो अजून बरीच वर्षे नाही. मग कडक उकडलेले अंडे, मग गहू, मग तूर. एकानेही काही केले नाही. दुसरी सुधारणा पेजेच्या घट्टपणात होती. मी नाचणी इतकी पातळ करत असे की ती चमच्यावरून ओघळायची. पोट पाण्यानेच भरत होते. चमचा तिरका केला तरी घास त्यावर टिकला पाहिजे आणि तूप चालत नसेल तर त्यात चमचाभर शेंगतेल किंवा खोबरेल गेले पाहिजे. नऊ महिन्यांपासून दिवसाला तीन-चार जेवणे, मध्ये एखादे किरकोळ खाणे, आणि बाकी अंगावर.

अळणीवर मात्र घरात थोडा वाद झाला. कोल्हापुरात मटण शिजले की त्याचे अळणी पाणी लहान मुलाला पाजतातच, आणि सासरे वाटी भरून घेऊन आले. सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मतः असलेला लोहाचा साठा संपत येतो आणि आईच्या दुधातून मिळणारे लोह त्याला पुरत नाही, हे खरे. पण लोह असते मांसात, पाण्यात उतरते ती मुख्यतः चव. म्हणून आता मीठ घालण्याआधी दोन फोडी बाजूला काढून पाट्यावर वाटतो आणि त्याच अळणीत सैल करून भाताबरोबर देतो. सासऱ्यांची वाटीही राहिली आणि बाळाचे लोहही. (लोहाचे थेंब वेगळे चालू आहेत, ते बंद केलेले नाहीत.) बिटाचा एक प्रसंग सांगायचा राहिला. बीट भरवल्याच्या दुसऱ्या दिवशी लंगोटात लालभडक रंग पाहून मी किंचाळले. सासूबाईंनी चष्मा लावला, चौकटीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “बीट हाय गं ते. काल मीच लिवलंय.”

अंगावर पाजणे या सगळ्यात कुठे बसवायचे, हा प्रश्न दहाव्या महिन्यात आला. सकाळी उठल्यावर पोटभर पाजले की ती नाश्त्याला तोंड फिरवायची, आणि जेवणाआधी रडली म्हणून घेतले की जेवण गेलेच. आता जेवणाच्या आधी तासभर पाजत नाही, जेवणानंतर हवे तेवढे. आजारी पडली की हा नियम मोडतो. तापात तिने दोन दिवस घासाला शिवले नव्हते आणि अंगावरच्या दुधावरच काढले.

अकराव्या महिन्यात दुधाची पायरी-पायरीने परीक्षा सुरू झाली. दूध भाजल्याने, पिठात मिसळून बराच वेळ तापल्याने त्यातल्या प्रथिनांची ठेवण बदलते आणि बऱ्याच बाळांना ते अशा रूपात आधी सोसते. तिची तक्रार आतड्यापुरती आणि उशिरा दिसणारी असल्यामुळेच डॉक्टरांनी हे घरी करायला परवानगी दिली; गांधी किंवा सूज येणाऱ्या बाळाला हे घरी करायचे नसते. दूध घातलेल्या बिस्किटाचा तुकडा महिनाभर निभावला. दह्यात पीठ भिजवून केलेले खरपूस धपाटे निभावले. दूध घातलेल्या शेवयांच्या खिरीला मात्र चौथ्या दिवशी बुळबुळीत शी झाली आणि आम्ही एक पायरी उतरून पुन्हा धपाट्यावर आलो. सासऱ्यांना ते फार लागले. नातीला कट्ट्यावर नेऊन पेला दाखवण्याचे त्यांच्या मनात आहे. कच्चे दूध पोटात जाणार नाही, एवढे वचन मी घेऊन ठेवले आहे.

लेक आता चौदा महिन्यांची आहे आणि वजन ९ किलोच्या पुढे गेले आहे. मी तूप खाऊ लागले आहे, चहातले दूधही मला चालते. तिला त्याचे काही होत नाही. खिरीचा दुसरा प्रयत्न पुढच्या महिन्यात ठरला आहे. सासूबाईंनी कालनिर्णयाचे पान उलटून त्या तारखेला आधीच ‘खीर २ चमचे’ असे लिहून टाकले आहे आणि पुढच्या चार चौकटींत रतिबाचा आकडा खाली कोपऱ्यात बारीक लिहून वरची जागा मोकळी ठेवली आहे.