चित्र बघा म्हणे!

परवा दुपारी झोप येत नव्हती, पुस्तक दुसऱ्या खोलीत होतं आणि उठायचा जाम कंटाळा आलेला, म्हणून पडल्यापडल्या फोनवरच फुकटात मिळणारं 'ऍलिस इन वंडरलँड' उघडलं. हे पुस्तक कुठूनही सुरू केलं तरी चालतं, निदान मला तरी. तर मी मधूनच कुठूनतरी घुसले आणि वाचत वाचत राणी ऍलिसला घेऊन निघते आणि वाटेत तो ग्रिफिन उन्हात गाढ झोपलेला सापडतो तिथपर्यंत आले. तिथे लेखक कंसात एक वाक्य टाकतो की ग्रिफिन म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल, तर चित्र बघा.

आणि चित्रच नाही!

वर सरकवून बघितलं, खाली सरकवून बघितलं, कुठेच नाही. कुण्या भल्या माणसाने पुस्तकातली सगळी चित्रं काढून नुसते शब्द ठेवले होते, पण 'चित्र बघा' हे वाक्य मात्र इमानदारीत जागच्या जागी. मला आधी हसू आलं आणि मग चक्क राग आला, कारण हे पुस्तक सुरूच कुठून होतं बघा ना. ऍलिस नदीकाठी बसून कंटाळलेली असते, बहीण वाचत असलेल्या पुस्तकात एकदोनदा डोकावते, त्यात ना चित्रं ना कुणी कुणाशी बोलतंय, आणि तिला वाटतं की असल्या पुस्तकाचा उपयोग तरी काय? पहिल्याच परिच्छेदात ही तक्रार. आणि त्याच पुस्तकाची चित्रं काढून टाकायची! वाचलं तरी होतं का हो कुणी काढायच्या आधी?

बरं, हे एकदाच नाही. शेवटी कोर्टाचा सीन आहे, तिथे राजाच न्यायाधीश असतो आणि त्याने न्यायाधीशाच्या विगवर मुकुट घातलेला असतो, आणि लेखक परत तेच म्हणतो की हे त्याने कसं जमवलं ते बघायचं असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीचं चित्र बघा. एखाद्याला वाटेल काय आळशी लेखक आहे, वर्णन करायचा कंटाळा. पण मला तर उलटच वाटतं. माणसाला पक्कं कळलेलं होतं की कुठलं काम शब्दांचं आणि कुठलं चित्राचं. ऍलिस दिसते कशी, फ्रॉक कसला घालते, हे त्याने जवळजवळ सांगितलेलंच नाही. तो चहा पीत बसलेला हॅटर आठवला की आधी काय आठवतं? डोक्यावरची ती अवाढव्य हॅट आणि तिच्यात खोचलेलं किमतीचं लेबल, 10/6, म्हणजे साडेदहा शिलिंग. ते लेबल गोष्टीत नाहीच आहे. ते जॉन टेनियलने चित्रात खोचलंय. गोष्टीत एवढंच आहे की हॅट माझी नाही, मी विकायला ठेवतो. बास. त्यावरून हा माणूस विकायचा मालच डोक्यावर घालून चहा पीत बसलाय ही गंमत चित्रकाराने केली.

मी पहिल्यांदा हे पुस्तक बघितलं (वाचलं नाही, बघितलं) ते ताईचं होतं. तिला ते कुठल्यातरी बक्षिसात मिळालेलं, त्यामुळे हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही आणि पान दुमडायचं नाही असे कडक नियम. मला इंग्रजी तेव्हा धड येत नव्हतं, त्यामुळे ताई वाचून सांगणार आणि मी चित्रं बघणार अशी वाटणी. आणि त्या चित्रांना मी घाबरायचे हो. मान लांबच लांब झालेली ऍलिस, डोळे वटारलेले, हात विचित्र पसरलेले. घरात मावेनाशी झालेली ऍलिस, कोपर भिंतीला टेकलंय, मान वाकडी, हलायला जागा नाही. ते चित्र बघितलं की मला खरंच श्वास कोंडल्यासारखं व्हायचं, आणि तरी ताई शाळेत गेली की मी नेमकं तेच पान काढून बसायचे. आणि डचेस! तेवढं मोठं डोकं, तेवढं मोठं तोंड, मांडीवर रडणारं पोर, मागे स्वैपाकीण, आणि खाली चुलीपाशी मांजर एकटंच मजेत हसतंय. ताई म्हणायची, "अगं हे विनोदी आहे, हस की." मी नाही हसायचे.

तेव्हापासून एक खोड लागलीय ती आजतागायत आहे. चित्रांचं पुस्तक वाचताना समोरच्या पानावर चित्र दिसलं की मी ते हाताने झाकते, आणि मजकूर तिथवर पोचला की मगच हात काढते. घरचे हसतात. हसू देत. चित्र आधी दिसलं तर अर्धी गोष्ट फुटते आणि उशिरा दिसलं तर आपण मनात भलतंच काढून बसलेलो असतो. वेळेवर दिसायला पाहिजे. यावर माझ्याशी वाद घालू नये.

आणि गंमत म्हणजे लेखकाचंही साधारण हेच मत असावं. लुईस कॅरोल म्हणजे चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचा. 4 जुलै 1862 ला तो आणि त्याचा एक मित्र कॉलेजच्या डीनच्या तीन मुलींना घेऊन होडीतून गॉडस्टोला गेले आणि वल्हवता वल्हवता त्याने ही गोष्ट रचून सांगितली, मधली ऍलिस दहा वर्षांची, ती मागेच लागली की लिहून दे. हे सगळ्यांना माहितीच असतं. पण त्याने ती नुसती लिहून दिली नाही, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून वर स्वतः 37 चित्रं काढली आणि 1864 च्या नोव्हेंबरात ती वही तिला भेट दिली. चित्रं कशी आहेत? प्रेमाने काढलेली आहेत, एवढंच म्हणते. शेवटच्या पानावर त्याने ऍलिसचा चेहरा काढला होता आणि बहुतेक तो काही त्याला पसंत पडला नाही, कारण त्यावर त्याने स्वतः काढलेला तिचा छोटा फोटो चिकटवून टाकला. खालचं चित्र लोकांना सापडलं ते थेट 1977 मध्ये. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त ते फोटोखाली लपून बसलं होतं.

छापायचं ठरल्यावर मात्र त्याने 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचा राजकीय व्यंगचित्रकार टेनियल गाठला. टेनियल हा एकदम नग. तरुणपणी वडिलांबरोबर तलवारबाजीचा सराव करताना लागलं आणि एक डोळा कायमचा गेला, तरी आयुष्यभर चित्रं काढली. समोर मॉडेल बसवायला ठाम नकार. कॅरोलनेच लिहून ठेवलंय की टेनियल म्हणायचा, तुम्हाला गणित सोडवायला जेवढी पाढ्यांची गरज तेवढीच मला मॉडेलची. गणिताच्या मास्तराला हे ऐकवायचं म्हणजे काय हिंमत! पहिल्या पुस्तकाची 42 चित्रं त्याने काढली, डॅलझील बंधूंनी ती लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरली, 1865 मध्ये 2000 प्रती छापून झाल्या आणि टेनियलसाहेबांनी छपाई बघून नाक मुरडलं. चित्रं नीट उठली नाहीत म्हणे. आणि कॅरोलने ऐकलं! खर्च प्रकाशकाचा नाही, याच्या स्वतःच्या खिशातला, तरीसुद्धा वाटलेल्या प्रती परत मागवल्या आणि सगळं पुस्तक पुन्हा छापून घेतलं. त्या पहिल्या छपाईच्या आज जगात मोजक्या प्रती शिल्लक आहेत. चित्र जरा फिकं आलं म्हणून अख्खी आवृत्ती मागे घेणारा लेखक कुठे, आणि मी फोनवर वाचत होते ते काय!

दुसऱ्या भागाच्या वेळी, आरशातल्या गोष्टीच्या, तर टेनियलने थेट प्रकरणच उडवलं. विग घातलेल्या गांधीलमाशीचं एक प्रकरण होतं, त्यावर त्याने कॅरोलला पत्र लिहून कळवलं की विग घातलेली गांधीलमाशी ही चित्रकलेच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे, आणि मला यात काडीचाही रस वाटत नाहीये. गेलं प्रकरण. त्याची छपाईची प्रुफं 1974 मध्ये लिलावात उगवली. आता माणूस सुरवंट, बोलणारी अंडी, कोट घातलेले ससे बिनतक्रार काढतो आणि गांधीलमाशीच्या विगला अडतो, याचं मला फार कौतुक वाटतं. कुठेतरी अडायला पाहिजे ना माणसाने. त्याच पत्रात सुचवलंय की रेल्वेचा डबा उडी मारतो तेव्हा ऍलिसने म्हातारीचे केस पकडण्यापेक्षा बोकडाची दाढी पकडू दे. पुस्तकात दाढीच आहे. म्हातारी गेली.

पण त्याच पुस्तकात ते आरशाचं चित्र आहे ना, माझ्या मते चित्रांच्या पुस्तकात याहून भारी काही झालेलं नाही. ऍलिस शेकोटीच्या कट्ट्यावर गुडघा टेकून आरशावर हात ठेवतेय, आपल्याला तिची पाठ दिसते. पान उलटायचं. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, त्याच जागी, ती आरशातून पलीकडे येतेय आणि आता आपल्याकडे तोंड. म्हणजे कागद हाच आरसा. ती आरपार गेली कारण आपण पान उलटलं! जुन्या आवृत्तीत हे असं बरोबर पाठपोट छापलेलं होतं, आणि नंतरच्या कित्येक आवृत्त्यांत दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापून टाकलेली मी बघितलीत, तेव्हा मला छापणाऱ्याला शोधून काढावंसं वाटतं. 1890 मध्ये अगदी लहान पोरांसाठी कॅरोलने रंगीत चित्रांची वेगळी आवृत्ती काढली (त्यात ऍलिसचा फ्रॉक पिवळा आहे, निळा नंतर कधीतरी झाला), तिच्यात तर तो सरळ पोरांना सांगतो की पानाचा हा कोपरा दुमडा, म्हणजे मांजर जाईल आणि नुसतं हसणं राहील. पान दुमडा! ताईला हे दाखवायला पाहिजे.

तर ताईचं ते पुस्तक आता तिच्या लेकीकडे आलंय. ती सात वर्षांची आहे आणि तिला कशाची भीती वगैरे वाटत नाही, मान लांब झालेली ऍलिस बघून ती खो खो हसली. मग बरीच पानं उलटून झाल्यावर म्हणाली, "मावशी, ही सारखी चिडलेली का असते?"

मी इतकी वर्षं हे पुस्तक बघतेय, पण हे माझ्या लक्षातच नव्हतं आलेलं. खरंच हसत नाही ती फारशी. एवढी नवलाई चाललीय आजूबाजूला आणि ही बया बहुतेक चित्रांत गंभीर, ओठ मिटलेले, कपाळाला बारीक आठी, चहाच्या टेबलाशी मोठ्या खुर्चीत बसलीय तरी चेहरा असा की किती उद्धट आहेत ही माणसं. मला एकदम कळलं की मोठेपणी हे पुस्तक वेगळंच का लागतं. लहानपणी आपण तिच्या जागी असतो, आजूबाजूचे सगळे मोठे लोक उगाच ओरडतात, कोडी घालतात आणि उत्तर त्यांनाच माहीत नसतं, बसायला जागा असून जागा नाही म्हणतात. आणि आता मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आहे. घड्याळ बघत पळणारा ससा तर मीच, त्यात शंका नाही, पण त्या दिवशी भाचीला "आत्ता नको, नंतर" म्हणताना मला माझा आवाज थोडा डचेससारखा पण वाटला.

मग मी तिला खऱ्या ऍलिसचा फोटो दाखवला. काळे, आखूड केस, कपाळावर झुलपं, आणि थेट रोखून बघणारी. टेनियलची ऍलिस तिच्यासारखी अजिबात नाही, लांब मोकळे सोनेरी केसवाली कुणी वेगळीच पोरगी आहे ती. भाचीने फोटो बघितला, पुस्तक बघितलं, आणि निकाल दिला, "ही ऍलिस नाहीये. ऍलिस ही." बोट पुस्तकावर.

आता यावर काय बोलणार. बिचाऱ्या खऱ्या ऍलिसला जन्मभर हेच ऐकावं लागलं असेल. पहिल्या महायुद्धात तिचे तीनातले दोन मुलगे गेले, मग 1926 मध्ये नवरा गेला, आणि 1928 मध्ये तिने ती हाताने लिहिलेली वही लिलावात विकली, 15,400 पौंडांना. 1932 मध्ये कॅरोलच्या जन्मशताब्दीला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने तिला सन्मानाने बोलावलं, ऐंशी वर्षांची म्हातारी जहाजाने गेली, लोक ऍलिसला बघायला जमले. नंतर तिने उरलेल्या मुलाला लिहिलं की ऍलिस इन वंडरलँड असण्याचा मला थकवा आलाय, हे कृतघ्नपणाचं वाटेल, आहेच, पण दमायला होतं.

भाचीला यातलं काही सांगितलं नाही. सांगून तरी काय करणार, तिला ग्रिफिनचं पान उघडून हवं होतं.