अल ऐनचा फलज आणि पाण्याची पाळी

अबुधाबीहून पूर्वेला दीड तास गाडी हाकली की ओमानच्या हद्दीला चिकटून अल ऐन लागतं. इथे समुद्र नाही, उंच टॉवर नाहीत. इमारतींच्या उंचीवरच बंधन आहे. गावी फोन केला की सगळे दुबईची चौकशी करतात, म्हणून आज मुद्दाम माझ्या या गावाबद्दल लिहायला बसले आहे, आणि त्यातही इथल्या फलजबद्दल.

फलज हा जमिनीच्या पोटातून आणलेला पाट. डोंगराच्या पायथ्याशी जिथे पाणी लागतं तिथे आधी खोल विहीर खणायची. तिला 'उम्म अल फलज' म्हणतात, फलजची आई. तिथून शेताच्या दिशेने अगदी बेताचा उतार ठेवत बोगदा काढायचा. माती उपसायला आणि आत हवा खेळायला ठरावीक अंतरावर उभी भोकं ठेवायची. मग ना मोट लागते ना पंप. पाणी उन्हात न आटता आपल्या चालीने येतं आणि बागेच्या तोंडाशी उघड्यावर निघतं. शहराच्या उत्तरेला हिली इथे उत्खननात सापडलेला फलज सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा, लोहयुगातला आहे.

मी मूळची औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. त्यामुळे ती उभी भोकं दिसताच मला नहर-ए-अंबरी आठवली. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, पाणी खेळवलं ते याच तत्त्वावर. त्या नहरीचे बरेच भाग आज बुजलेत, काहींवर वस्ती उभी राहिली, आणि माझ्या माहेरी नळाची वाट बघत आठ-आठ दिवस जातात. हे मनात सलत असतं, म्हणूनच इथलं पाणी मी जरा जास्तच निरखून बघते.

शहराच्या ऐन मध्यावर अल ऐन ओअॅसिस, म्हणजे मरूद्यान, आहे. १२०० हेक्टर जागा, १,४७,०००हून अधिक खजुराची झाडं. बाहेर सहापदरी रस्ता आणि मॉल; आत शिरलं की मातीरंगाच्या भिंतींमधल्या अरुंद गल्ल्या आणि डोक्यावर झावळ्यांचं छत. अल ऐनची ओअॅसिसं आणि पुरातत्त्व स्थळं २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, फलजची परंपरा २०२० साली अमूर्त वारशाच्या यादीत. पण मला भावतं ते हे, की या भिंतींआड अजून घराघराच्या बागा आहेत, आजोबांकडून नातवाकडे आलेल्या.

माझ्या शाळेतल्या एका इमिराती सहकारी बाईंच्या घरची अशी एक बाग आहे. त्यांनी मला पाण्याची पाळी बघायला नेलं. बागेत राबणारा बांगलादेशी गडी फावडं घेऊन उभा होता. मुख्य पाटातून त्यांच्या बागेत फुटणाऱ्या फाट्याच्या तोंडाशी दगड आणि गोणपाटाचा बोळा बसवला होता. त्याने तो काढला, पाणी वळलं, एकेक आळं भरत गेलं. शेवटचं आळं भरताच बोळा परत जागेवर बसला आणि पाणी शेजारच्या बागेकडे निघालं. आमच्याकडे रात्रीचं 'दारं धरायला' जातात तेच हे काम. पूर्वी पाळीचा हिशोब दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर चाले. तो सांभाळणारा माणूस म्हणजे 'अरीफ'. कोणाची पाळी कधी सुरू होते आणि कधी संपते, यावर त्याचा शब्द अखेरचा.

शेख झायद १९४६ साली अल ऐनचा कारभार बघायला आले तेव्हा बरेच फलज गाळाने भरलेले होते. त्यांनी ते उपसून घेतले, स्वतःही कामाला हात लावला. अल सारूज हा नवा फलज खणायला जवळजवळ अठरा वर्षं लागली. पाण्याचे हक्क मोजक्या मातब्बरांच्या हाती होते, तीही घडी त्यांनी बदलली. पुढे १९७१ साली ते संयुक्त अरब अमिरातीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. इथली म्हातारी माणसं मात्र तेलाचं नाव काढण्याआधी त्यांच्या पाण्याच्या कामाबद्दल बोलतात.

एक गोष्ट सांगायलाच हवी. विहिरी आणि पंप वाढले तशी भूजलाची पातळी खाली गेली आणि फलज आटत गेले. आज पाटांत खेळणारं पाणी बरंचसं पंपाने आणून सोडलेलं आहे. काही जण म्हणतात, मग हा सगळा देखावाच झाला. मला ते पटत नाही. पाणी कुठूनही येवो, पाट साफ ठेवावा लागतो, पाळी पाळावी लागते, शेजाऱ्याचं पाणी अडवायचं नाही हे पोरांना शिकवावं लागतं. ते सगळं चालू आहे.

आणि झाडांचं कामही. थंडी सरता सरता नर झाडाचे तुरे मादीच्या फुलोऱ्यात हाताने बांधावे लागतात, नाहीतर फळ नीट धरत नाही. त्यासाठी कमरेला 'हाबूल' म्हणजे जाड दोराचा पट्टा लावून झाडावर चढायचं. बाईंचा बारावीतला मुलगा शुक्रवारी नमाजानंतर मामाबरोबर हे शिकायला येतो. कंदुरा, म्हणजे इथला पायघोळ झगा, खोचून, पाठीचा भार दोरावर टाकून तो चढतो आणि खाली उभी आजी हात दाखवत सूचना देते. त्याला विमान अभियांत्रिकीला जायचंय. बागही त्याच्याच वाट्याला येणार आहे, आणि दोन्हीबद्दल तो सारख्याच उत्साहाने बोलतो.

उन्हाळ्यात 'रुतब' येतो, अर्धा पिवळा, अर्धा पिकून तपकिरी झालेला खजूर. आधी 'नघाल' जात, मग 'खलास'. त्याच्याबरोबर वेलची घातलेला कडवट गहवा, म्हणजे अरबी कॉफी, फिंजान नावाच्या छोट्या कपात तळाशी थोडासाच ओतलेला. पुरे झालं की फिंजान हलवून परत द्यायची, नाहीतर वाढणारी थांबत नाही.

इकडे येणार असाल तर दुबईतला एक दिवस अल ऐनला द्या. ओअॅसिसमध्ये प्रवेश फुकट आहे. हवा नोव्हेंबर ते मार्चमध्ये छान असते, पण झाडावरचा रुतब खायचा असेल तर जुलैचं ऊन सोसायची तयारी ठेवून सकाळी लवकर या.