गाडी अंगाला बसते का? संभाजीनगर ते नळदुर्ग

टूरिंगची, म्हणजे लांबच्या प्रवासाची मोटरसायकल घ्यायची म्हटलं की आपल्याकडे गप्पा सीसीपासून सुरू होतात आणि मायलेजवर संपतात. पाय टेकतात का, हे विचारायला लोक लाजतात. माझी उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे मला लाजून भागत नाही. म्हणून डिसेंबरात मामेभावाला, म्हणजे दादाला, गळ घातली. त्याची अ‍ॅडव्हेंचर गाडी (उंच, खडबडीत रस्त्यांसाठीची) आणि माझ्या मैत्रिणीकडून मागून आणलेली क्रूझर (बुटकी, पाय पुढे ठेवून बसायची), दोन्ही घेऊन नळदुर्गापर्यंत जाऊ आणि वाटेत अदलाबदल करू. दादा सहा फुटी. एकाच गाडीवर आम्हा दोघांचे हाल वेगवेगळे होणार, हे उघड होतं. मला तेच बघायचं होतं.

निघताना क्रूझर माझ्याकडे होती. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, हँडल हाताशी. शहरातून बाहेर पडेपर्यंत वाटलं, झालं, हीच घ्यायची. पाचोड गेलं, शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला. उसाचा हंगाम, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याच्या मध्यावर ठाण मांडल्यासारखे चाललेले. गेवराईच्या पुढे माकडहाड बोलू लागलं. क्रूझरवर पाय पुढे ठेवलेले असतात, म्हणून अंगाचा बहुतेक भार बैठकीवर येतो. रंग उडालेला गतिरोधक अचानक समोर आला तर फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून धक्का गुडघ्यांत जिरवावा, तर पाय अंगाखाली नसतातच. धक्का थेट कण्यात. मऊ सीटने यात फरक पडत नाही. उलट फार मऊ फोम तासाभरात दबतो आणि आपण खालच्या पत्र्यावर बसल्यासारखे होतो.

बीडपर्यंतचं सव्वाशे किलोमीटर अंतर असं कापलं. दादाची तक्रार निराळी होती. त्याच्या गाडीच्या काचेवरून उडालेला वारा नेमका त्याच्या हेल्मेटवर आदळत होता, मान भरून आली होती. तिथून गाड्या बदलल्या. तीच काच, तोच वारा, पण माझं डोकं काचेच्या आड शांत. काच उंच असावी की बुटकी, हे ज्याच्या-त्याच्या धडावर ठरतं.

मांजरसुंब्याचा घाट त्या गाडीवर चढताना मजा आली, खोटं का सांगू. पेग गुडघ्यांच्या खाली, कोपर किंचित वाकलेलं, वळणावर गाडी मनाप्रमाणे कलते. पण चौसाळ्याच्या पुढे चहाला थांबलो आणि खरी परीक्षा झाली. डांबराची कड संपून बाजूची माती वीतभर खाली. माझे चवडेच कसेबसे टेकणारे, त्यात उतार डाव्या हाताला. पाय जमीन शोधतोय आणि खाली दोनशे किलोच्या आसपासचं लोखंड! अशा वेळी कंबर एका बाजूला सरकवायची, एकच पाय पूर्ण रोवायचा आणि दुसरा ब्रेकवर ठेवायचा. जमलं. टपरीवाले काका मात्र बघत होते. म्हणाले, "ताई, गाडी लई जड दिसायली, झेपायली का?" चालत्या गाडीचं वजन कुणाला जाणवत नाही काका, मी म्हटलं, उभ्या गाडीचं जाणवतं. त्यांनी आलं जास्त घालून चहा दिला.

आकडे सांगायचे तर रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० ची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर आहे, क्लासिक ३५० ची ८०५, हिमालयन ४५० ची ८२५ (वाढवली तर ८४५) आणि सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५. वाचून वाटतं, कमी आकडा म्हणजे आपली गाडी. तसं नसतं. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढा कमी पोचतो. बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं, त्यावरही इंचभराचा खेळ चालतो. शिवाय व्ही-स्ट्रॉम १६७ किलोची, म्हणजे चवडे टेकत असले तरी सावरायला सोपी. आणि मोजायचंच असेल तर उंची मोजू नका. बूट घालून भिंतीला पाठ लावा, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर सरकवा आणि तिथून जमिनीपर्यंत टेप धरा. सारख्या उंचीच्या दोघांत इथे बराच फरक निघतो.

हाताकडे तर कुणीच बघत नाही. क्लच लिव्हर माझ्या बोटांना लांब पडत होता. ट्रॅक्टरांमागे सतत क्लच दाबून येरमाळ्यापर्यंत मनगट दुखायला लागलं. काही गाड्यांत लिव्हरचं अंतर कमी करता येतं. सगळ्यांत ती सोय नसते, ते आधी बघून घ्यावं.

त्याआधी सरमकुंडी फाट्यावर पेढे घेतले. कुंथलगिरीचे पेढे न घेता या रस्त्याने गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पुढे येडशीचं जंगल, धाराशिव, आणि तुळजापूरला मुक्काम.

सकाळी नळदुर्गात उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढताना दोघांच्या गुडघ्यांचा निकाल लागला. माझे ठणठणीत, पाठ मात्र अजून कुरकुरत होती. दादाचा क्रिकेटमध्ये दुखावलेला गुडघा क्रूझरवर लांब पसरून आल्यामुळे खूश होता. पाणीमहालातून, १६१३ साली इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बांधलेल्या त्या बंधाऱ्याच्या पोटातून, बोरी नदीकडे बघत आम्ही यावरच वाद घातला. दादाचं म्हणणं, अ‍ॅडव्हेंचरच घे, उंचीची सवय होते. मला ते पटत नाही. सवय चढावर होईल, पण भरलेल्या बॅगा लावून उतारावर गाडी मागे ढकलायची सवय कशी होणार?

मी साधी, सरळ बसायची गाडी घेणार आहे. पेग गुडघ्याखाली, सीट आठशेच्या आसपास. कुशनवाल्याकडून सीटच्या पुढच्या कडा थोड्या तासून घेईन आणि फोम घट्ट करून घेईन. शोरूममध्ये टेस्ट राइड म्हणजे चौकापर्यंतची चक्कर नको, निदान तासभर द्या, असं सांगून ठेवलंय. शोरूमवाल्यांपैकी दोघे हसले, एकाने हो म्हटलंय.

दादाने मैत्रिणीला क्रूझर विकतेस का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली.