नाव माहीत असणं आणि नाव असणं

रविवार, रात्र

लेकीला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळालाय. बुधवारपर्यंत एकाला होकार कळवायचा आहे. एकाचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असेल असं. दुसऱ्याचं मी पहिल्यांदा ऐकलं ते तिने अर्ज भरला तेव्हा, आणि तेव्हाही अर्धवटच.

दुपारी मैत्रिणीशी फोनवर बोलताना मी फक्त पहिलंच सांगितलं. "अगं, काय सांगतेस!" म्हणाली. मला ज्या गुदगुल्या झाल्या त्या इथे नाही लिहायच्या तर कुठे? शिकणार ती आणि मिरवायची घाई मला.

सोमवार

सरळ विचारलं, "दुसऱ्याचा विचार तरी का करतेस?" ती वाद घालत बसली नाही. तिने वाचलेल्या शोधनिबंधांचा गठ्ठा आणून समोर ठेवला. कोपरे दुमडलेले, समासात पेन्सिलीच्या खुणा. "आई, लेखकांच्या नावांखालचं बारीक अक्षर वाच." चष्मा लावून वाचलं. अकरा निबंधांपैकी चारांवर ते दुसरं विद्यापीठ. पहिलं एकदाच, तेही पाच लेखकांतल्या चौथ्याच्या नावाखाली.

तिचा विषय मटेरियल सायन्स, म्हणजे पदार्थांच्या गुणधर्मांचं शास्त्र. तिने जॉन बार्डीन या अमेरिकी शास्त्रज्ञाचं उदाहरण दिलं. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा, १९५६ आणि १९७२ मध्ये, मिळालेला तो एकमेव माणूस. दुसरं ज्या अतिवाहकतेच्या (काही पदार्थांतून अतिथंड तापमानाला वीज विनाअडथळा वाहते, त्याच्या) सिद्धांतासाठी मिळालं, ते काम इलिनॉय विद्यापीठात झालं. इलिनॉय म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. तिच्या विषयातल्या माणसापुढे बार्डीन येतो. उलट प्रिन्स्टनचा दबदबा एवढा, की तिथे कायद्याचं किंवा वैद्यकीय शिक्षणाचं महाविद्यालयच नाही हे आपल्या ध्यानातही येत नाही.

मंगळवार

मी हार मानणारी नाही. क्रमवाऱ्या उघडून बसले. पहिलं वर, दुसरं बरंच खाली. पण हे गुण येतात कुठून ते वाचलं आणि माझाच जोर ओसरला. क्यूएस नावाच्या संस्थेच्या जागतिक यादीत 'शैक्षणिक प्रतिष्ठे'ला आता ३० टक्के वजन आहे, आधी ४० होतं. आणि ही प्रतिष्ठा मोजतात जगभरच्या प्राध्यापकांना मत विचारून. म्हणजे विद्वानांची का होईना, ऐकीव कीर्तीच! शांघायहून निघणाऱ्या दुसऱ्या जागतिक यादीत ३० टक्के गुण नोबेल आणि फील्ड्स (गणितातला मोठा सन्मान) पदकांचे. त्यातले बरेच मानकरी कधीच निवृत्त झालेले असणार. २०२२ मध्ये तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने स्वतःच्या विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेली आकडेवारी तपासून चुका दाखवल्या. 'यूएस न्यूज'च्या अमेरिकी विद्यापीठांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरचं कोलंबिया अठरावं झालं. तेवढ्यात तिथलं शिकवणं काही बदललं नसेल.

तरी नावाला अगदीच निकालात काढवत नाही. मी स्वतः नावाजलेल्या संस्थेत शिकले. ज्या सरांसाठी गेले ते वर्षात दोनदा दिसले, त्यातले एकदा फोटोपुरते. पण पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला बोलावणं आलं ते त्या नावामुळेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या नोकरीत कोणी विचारलंही नाही.

डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा २००२ चा अभ्यास आहे. दोन विद्यार्थ्यांना सारख्याच दर्जाच्या कॉलेजांनी घेतलं आणि नाकारलं असेल, तर पुढे त्यांतला कोण जास्त निवडक कॉलेजात गेला यावरून कमाईत फारसा फरक दिसला नाही. मी हे वाचून दाखवलं तर लेक म्हणाली, "पुढचं वाच ना." कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र फायदा झाला होता. ज्यांच्या ओळखीपाळखी नाहीत, त्यांची ओळख ते नावच करून देत असणार. मग आमच्या तरी कुठे आहेत ओळखी? गंमत म्हणजे हा मुद्दा माझ्या बाजूचा होता आणि मांडला तिने.

बुधवार

तिने दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न लिहून पाठवला होता: तुमचे गाइड तुम्हाला किती वेळा भेटतात? पहिल्याकडून उत्तर आलं, गटात अठ्ठावीस जण आहेत, या वर्षात तीनदा भेट झाली, पण माणूस फार मोठा आहे. दुसऱ्याकडून: दर गुरुवारी तासभर, कधीकधी टाळावंसं वाटतं.

ते शेवटचं वाक्य वाचून ती हसली. संध्याकाळी मला न विचारता होकार पाठवून मोकळी झाली.

रात्री दादाचा फोन. "मग, कुठे जातेय आमची भाची?"

सांगितलं.

"कुठे?"

पुन्हा सांगितलं, सावकाश.

"थांब, पेन घेतो. अक्षरं सांग."

मी एकेक अक्षर सांगत गेले.